ऑटिझम असलेलं मूल काय करू शकतं आणि रोज काय करतं: थेरपी ठरवण्याआधीचं मूल्यमापन

एका आईचा प्रश्न असा आहे: सहा वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालं आहे. हातात रिपोर्ट आहे, त्यात बुद्ध्यांक आहे, तीव्रतेची पातळी आहे, चार-पाच चाचण्यांचे गुण आहेत. पण ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, विशेष शिक्षण यांपैकी काय, किती आणि कुठून सुरू करायचं ते त्यातून समजत नाही. 'कार्यक्षमतेचं मूल्यमापन करून घ्या' असं कोणीतरी सुचवलं आहे. ते म्हणजे नेमकं काय, आणि त्यातून थेरपीचा आराखडा कसा निघतो?

रिपोर्टमधून ते समजत नाही, कारण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी लिहिलेला असतो. एडॉस किंवा कार्ससारख्या चाचण्या ऑटिझम आहे का आणि त्याची लक्षणं किती ठळक आहेत हे पाहण्यासाठी आहेत. 'लेव्हल 2', 'लेव्हल 3' ही पातळी 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेतून आली. ती आधाराची गरज ढोबळमानाने सांगते. सामाजिक संवादासाठी वेगळी आणि पुनरावृत्तीच्या वर्तनासाठी वेगळी, अशी ती द्यायची असते, तरी बऱ्याच रिपोर्टमध्ये एकच आकडा लिहिलेला दिसतो. या पातळीवरून कोणाला कोणती सेवा द्यायची हे ठरवू नये, ते त्या व्यक्तीच्या गरजा आणि प्राधान्यं पाहून ठरवावं, असं डीएसएम-5 मध्येच बजावलं आहे. एकाच पातळीची दोन मुलं घ्या. एक स्वतःचे कपडे स्वतः घालतं, पण तहान लागली हे कोणाला सांगू शकत नाही. दुसरं पूर्ण वाक्यं बोलतं, पण शौचालयात एकटं जात नाही. या दोघांना आठवड्याचा एकच थेरपीचा तक्ता देणं मला मान्य नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठी मुलांबरोबर काम करते. कार्यक्षमतेच्या मूल्यमापनात मला तीन गोष्टी हव्या असतात: सगळं अनुकूल असताना मूल काय करू शकतं, रोजच्या जगण्यात प्रत्यक्ष काय करतं, आणि दोहोंत अंतर असेल तर ते कशामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001 च्या आयसीएफ या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात पहिल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायची सोय आहे, एक क्षमता आणि दुसरी प्रत्यक्ष कामगिरी. ऑटिझममध्ये हे अंतर फार मोठं असू शकतं, आणि थेरपीची दिशा बरीचशी त्यावरूनच ठरते. क्षमताच नसेल तर ती गोष्ट शिकवायला हवी. क्षमता आहे पण वापर होत नाही, तिथे तेच पुन्हा शिकवत बसण्यात मुलाचा वेळ जातो. तिथे परिस्थिती बदलावी लागते. थेरपीच्या खोलीत महिनोन्महिने मणी ओवणारं आणि बटणांच्या पाटीवर सगळी बटणं सफाईने लावणारं मूल घरी शर्टाचं एकही बटण लावत नाही, हे चित्र आमच्या क्षेत्रात नेहमीचं आहे. त्याला आणखी बोटांचे व्यायाम देऊन हा प्रश्न सुटत नाही.

हे कसं पाहायचं ते एका साध्या कामावरून सांगते. हात धुणं. 'हात धुता येतात का?' या प्रश्नाला पालकांचं उत्तर बहुधा 'हो, पण सांगावं लागतं' असं असतं. या 'पण'मध्येच सगळी माहिती असते. मी त्या कामाचे टप्पे पाडते: बेसिनपाशी जाणं, बाही वर करणं, नळ उघडणं, हात ओले करणं, साबण घेणं, तळवे चोळणं, हातांची मागची बाजू चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं. मग मूल रोज जिथे हात धुतं तिथेच, जी व्यक्ती रोज सोबत असते तिच्यासह, मी काही न बोलता बघते. प्रत्येक टप्प्यासमोर दोन नोंदी करते. टप्पा झाला का, आणि कोणत्या मदतीने झाला: हात धरून, कोपराला हलका स्पर्श करून, बोट दाखवून, बोलून, की काहीच न करता.

समजा मूल साबण घेतं आणि थांबतं. आई 'चोळ' म्हणते, ते चोळतं. पुन्हा थांबतं. आई 'आता धू' म्हणते, ते धुतं. कागदावर हे 'तोंडी सूचनेने करतो' असं लिहिलं जाईल आणि ते बरंही वाटेल. पण नीट पाहिलं तर हाताच्या हालचाली पूर्ण आहेत, क्रमही त्याला ठाऊक आहे. 'चोळ' हा शब्द त्याच्यासाठी त्या कामाचाच एक टप्पा झाला आहे. तो ऐकू आला नाही तर काम पुढे सरकत नाही. इथे हाताचे व्यायाम नकोत, साबणाची चित्रं ओळखण्याचा सरावही नको. आईचे शब्द हळूहळू काढून घ्यायचे आहेत: आधी थोडं थांबायचं, मग नुसतं बोट दाखवायचं, नळाजवळ टप्प्यांची चित्रपट्टी लावायची, आणि शेवटी पट्टीकडेही बोट दाखवायचं नाही. बोलून दिलेली मदत काढणं सगळ्यांत अवघड असतं, कारण ती देताना आपल्याला आपण मदत करतोय असं वाटतच नाही.

आता तेच मूल शाळेत बेसिनपाशी जातच नाही असं कळलं, तर प्रश्न बदलतो. तिथे जाऊन उभं राहावं लागतं. कधी हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज असतो, कधी मधल्या सुट्टीतली गर्दी, कधी नळच वेगळ्या प्रकारचा. घरचा फिरवायचा आणि शाळेतला दाबायचा असेल तर काही मुलांसाठी ते सर्वस्वी नवं काम असतं. एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप न जाणं हा ऑटिझममधला फार महत्त्वाचा भाग आहे. म्हणून फक्त क्लिनिकमध्ये केलेलं मूल्यमापन मी अर्धवट मानते. घर, शाळा आणि आणखी एखादी जागा, निदान तिथले व्हिडिओ तरी पाहायलाच हवेत.

अंतर दिसलं की कारण शोधायचं. काही मुलांना काय अपेक्षित आहे तेच समजलेलं नसतं, कारण सूचना फक्त शब्दांत असते. काहींना ते समजतं, पण काम सुरू करता येत नाही. ती जागेवर उभी राहतात आणि मोठ्यांना तो हट्ट वाटतो. काहींना हालचालींची आखणी जड जाते. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हालचालींच्या अडचणी खूप आढळतात, तरी निदानाच्या निकषांत त्या नसल्यामुळे तपासायच्या राहून जातात. काहींना कपड्याचा स्पर्श, साबणाचा वास, दिव्याची थरथर सहन होत नाही. आणि काहींना ते काम करण्याचं काही कारणच दिसत नाही, कारण मागण्याआधीच सगळं समोर येतं. बाहेरून पाहणाऱ्याला ही पाचही कारणं 'करत नाही' अशीच दिसतात, आणि प्रत्येकावरचा उपाय मात्र वेगळा आहे.

या सगळ्याआधी शरीराची चौकशी. ऐकू नीट येतं का, याची रीतसर तपासणी झालेली हवी. 'आवाजाला वळतो' एवढं पुरेसं नाही. दृष्टी, दात, बद्धकोष्ठता, कानाचं दुखणं, फिट्स, आणि सगळ्यांत आधी झोप. ऑटिझममध्ये झोपेच्या तक्रारी फार आढळतात, आणि रात्री तीन-चार तास जागं राहिलेल्या मुलाचं सकाळी केलेलं मूल्यमापन त्याच्या क्षमतेबद्दल फारसं सांगत नाही. ज्या मुलाला 'पोट दुखतंय' म्हणता येत नाही, त्याच्या वागण्यात अचानक बदल झाला तर वर्तनाचा तक्ता भरण्याआधी डॉक्टरांकडे जावं. हा क्रम कोणी उलटा करत असेल तर पालकांनी थांबवावं.

प्रमाणित साधनांपैकी मी सर्वाधिक वापरते ते वाइनलँड, रोजच्या जगण्यातली कौशल्यं मोजणारं. त्याची तिसरी आवृत्ती 2016 ची आहे. ती पालकांच्या मुलाखतीतून भरली जाते, शिक्षकांसाठी वेगळा फॉर्म आहे, आणि संवाद, दैनंदिन कौशल्यं, सामाजिकता असे विभाग आहेत. सरासरी 100 असते. त्यात मूल काय करू शकतं याला गुण नाहीत. न सांगता, नेहमी काय करतं याला पूर्ण दोन गुण आहेत, कधीकधी करत असेल तर एक. मुलाखत घेणारा घाईत असला आणि 'येतं का?' असं विचारत गेला तर गुण फुगतात. बुद्ध्यांक चांगला असलेल्या बऱ्याच ऑटिस्टिक मुलांचे वाइनलँडचे गुण बुद्ध्यांकापेक्षा बरेच खाली असतात. हुशार आहे म्हणजे आधाराची गरज नाही, हा समज या एका तुलनेने दूर होतो.

पेडी-कॅट हे संगणकावरचं साधन मला आवडतं ते त्यातल्या 'जबाबदारी' या विभागामुळे. औषधाची वेळ, सामानाची काळजी, दिवसाचं नियोजन यांचा भार हळूहळू पालकांकडून मुलाकडे किती सरकला, हे तिथे दिसतं. मुलाने काम कोणत्याही पद्धतीने पूर्ण केलं तरी ते धरलं जातं, बोलण्याऐवजी टॅब वापरला तरी चालतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एसीएसएफ नावाचं पाच पातळ्यांचं वर्गीकरण आहे. त्यात सामाजिक संवादाची उत्तम परिस्थितीतली पातळी वेगळी आणि नेहमीची वेगळी, अशा दोन पातळ्या द्याव्या लागतात. पालक आणि शिक्षक एकत्र बसून ते भरतात तेव्हा 'आमच्याकडे तर करतो' या वादातूनच कामाची माहिती मिळते. आणि 2019 मध्ये ऑटिझमसाठी आयसीएफचे गाभा-संच, म्हणजे त्या वर्गीकरणातून निवडलेल्या बाबींच्या याद्या, प्रसिद्ध झाले. त्यांच्या विस्तृत संचात 111 बाबी आहेत. त्यांतल्या 59 कृती आणि सहभागाच्या, 31 परिसराच्या, शरीराच्या कार्यांच्या 20, आणि शरीररचनेची एक. मी हा संच मुलावर चाचणी म्हणून वापरत नाही. माझ्या नोंदींत परिसराचे किती प्रश्न विचारायचे राहून गेले ते पाहायला वापरते, आणि बहुतेक वेळा काही ना काही राहिलेलं सापडतंच.

बुद्ध्यांकाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्या एका आकड्याने पालक खचतात. जवळजवळ न बोलणाऱ्या मुलाची वेक्स्लरसारखी, भाषेवर आणि तोंडी सूचनांवर बेतलेली चाचणी घेतली तर जे मोजलं जातं ते बहुतांशी सूचना पाळण्याचं कौशल्य असतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात अत्यल्प बोलणारी 30 ऑटिस्टिक मुलं होती. वेक्स्लर चाचणी त्यांतल्या एकालाही पूर्ण करता आली नाही. आकृत्यांच्या रेव्हन चाचणीचा फळीवर तुकडे बसवायचा प्रकार दिला, तेव्हा 26 मुलांनी ती पूर्ण केली. तुमच्या रिपोर्टमध्ये 'सहकार्य न मिळाल्याने अंदाजे' अशी टीप असेल तर तो आकडा बाजूला ठेवा आणि शब्दविरहित चाचणीची मागणी करा.

संवादावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते. किती शब्द येतात, यापेक्षा कशासाठी येतात हे मोलाचं. मूल नकार कसा देतं, हवी ती गोष्ट कशी मिळवतं, माणसाचं लक्ष स्वतःकडे कसं वेधतं, माहिती कशी देतं, या चार कारणांवर कम्युनिकेशन मॅट्रिक्स हे साधन बेतलेलं आहे. ते मला न बोलणाऱ्या मुलांसाठी फार उपयोगी वाटतं. रंग, आकार, प्राणी मिळून शंभर नावं सांगणारं मूल 'नको' म्हणू शकत नसेल, तर माझ्या आराखड्यात पहिली ओळ 'नको'ची असते. नकार देता येत नसेल तर तो ढकलण्यातून, चावण्यातून, जमिनीवर पडण्यातून येतो. चित्रकार्डं किंवा बोलका टॅब दिला तर मूल बोलायचं थांबेल, ही भीती पालकांना असते. संशोधनाच्या आढाव्यांत तसं आढळलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढलेलं दिसलं आहे. म्हणून बोलणं येईपर्यंत वाट पाहू नका. संवादाचं साधन आजच द्या.

त्रासदायक वर्तनाची नोंद घेताना आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय घडलं, या तीन रकान्यांत आठवडाभर लिहून आणा. त्यातून ते वर्तन मुलाला काय मिळवून देतं ते कळतं: सुटका, लक्ष, वस्तू, की त्या संवेदनेचंच सुख. 'चिडतो' असं मोघम लिहू नका. 'गृहपाठाची वही उघडताच हात चावतो, वही बाजूला केली की थांबतो' असं लिहा. या वाक्यात ध्येयही दडलेलं आहे: चावण्याऐवजी 'थांबूया' हे कार्ड देता येणं, आणि गृहपाठाची लांबी आज आहे त्यापेक्षा कमी असणं. दुसरा भाग मोठ्यांनी करायचा आहे.

संवेदनांची प्रश्नावली जवळपास सगळीकडे भरून घेतात, तिथे मी थोडं जपून राहते. पालकांनी भरलेली प्रश्नावली कुठे पाहायचं ते सांगते. ती पुरावा नसते. 'स्पर्शाला संवेदनशील' या निष्कर्षाने काहीच ठरत नाही. केस विंचरताना, मागून स्पर्श झाल्यावर, की फक्त दमल्यावर, हे पाहावं लागतं. कुठल्या कामात त्याचा अडथळा होतो ते सांगता येत नसेल तर तो मुद्दा आराखड्यात येऊ नये. हात फडफडवणं, गोल फिरणं, नजर न मिळवणं यांमुळे मुलाला इजा होत नसेल आणि त्याचं शिकणं अडत नसेल, तर ती सुधारायची यादी नाही. बऱ्याच मुलांसाठी तो स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो. नजर मिळवणं हे ध्येय म्हणून मी लिहीत नाही, लिहिलेलं दिसलं तर का लिहिलं ते विचारते.

याउलट मुलाची आवड मी बारकाईने नोंदवते. लिफ्ट, नकाशे, पंखे, आकडे, काहीही असो. कोणत्या गोष्टीपाशी मूल सर्वाधिक वेळ टिकतं, तिथे त्याची भाषा, हालचाल आणि धीर कसा असतो, हे पाहिलं की क्षमतेची वरची मर्यादा दिसते. चाचणीच्या टेबलापाशी ती क्वचितच दिसते.

एवढं सगळं हाती आलं की यादी पंचवीस-तीस गोष्टींची होते, आणि नेमका इथेच आराखडा बिघडतो, कारण सगळं एकदम सुरू केलं जातं. तीन ध्येयं पुरेत, चार म्हणजे खूप. ती निवडण्यासाठी कोपम ही मुलाखतीची पद्धत वापरते: कुटुंबाला रोज अडणारी कामं विचारायची, प्रत्येकाचं महत्त्व 1 ते 10 मध्ये, मग आज ते किती जमतं आणि त्यावर समाधान किती, तेही 1 ते 10 मध्ये. काही महिन्यांनी पुन्हा विचारल्यावर दोन किंवा जास्त अंकांचा फरक पडला असेल तर तो अर्थपूर्ण बदल धरतात. मूल बोलत नसलं तरी त्यालाही विचारा. फोटो समोर ठेवून 'हे आवडतं' आणि 'हे नकोसं' असे दोन ढीग बरीच मुलं करू शकतात. ज्या ध्येयात मुलाला स्वतःला काहीच मिळत नाही, ते सहसा टिकत नाही.

ध्येय इतकं स्पष्ट हवं की दोन वेगळ्या माणसांनी पाहिलं तरी झालं की नाही यावर एकमत व्हावं. त्यासाठी 1968 पासून वापरात असलेली ध्येयपूर्तीची मोजपट्टी आहे, उणे दोन ते अधिक दोन. शौचालयाचं उदाहरण घ्या. आजची स्थिती, म्हणजे उणे दोन: मोठ्यांनी दर दोन तासांनी नेलं तर जातो, स्वतः कळवत नाही. उणे एक: घरी चित्र समोर धरल्यावर ते उचलून देतो. शून्य, म्हणजे बारा आठवड्यांनी अपेक्षित: घरी न विचारता चित्र आणून देतो, आठवड्यातले निदान पाच दिवस. अधिक एक: शाळेत ओळखीच्या शिक्षकांनाही देतो. अधिक दोन: शाळेत कोणाही मोठ्या माणसाला देतो. 'शौचालयाची सवय सुधारणे' अशी ओळ लिहिलेली असेल तर तिच्यावरून कोणी काही मोजू शकणार नाही.

आराखड्यात मुलासाठीची ध्येयं असतात तसा परिसरासाठीचा रकाना हवा, आणि त्यात नावं हवीत: चित्रपट्टी कोण लावणार, वर्गातली जागा दरवाजापासून कोण हलवणार, टॅब शाळेत पाठवायची परवानगी कोण घेणार. आठवड्यातले दोन-तीन तास मूल थेरपीत असतं. उरलेल्या वेळात कोण काय करणार हे लिहिलेलं नसेल तर आराखडा त्या दोन-तीन तासांपुरताच राहतो. पालकांची ताकदही त्यात धरायला हवी. दोन मुलं आणि नोकरी सांभाळणाऱ्या आईला रोज दीड तासाचा घरचा कार्यक्रम देणारा थेरपिस्ट प्रत्यक्षात काहीच देत नाही. आंघोळ, कपडे, जेवण, झोप या आधीच असलेल्या वेळांत बसेल तेवढंच द्यावं.

ध्येयं दर तीन महिन्यांनी तपासा, वाइनलँड वर्षातून एकदा पुरे. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्षभरात मूल बरंच शिकलं तरी प्रमाणित गुण तसाच राहू शकतो, कधी खालीही येतो, कारण तुलना त्याच वयाच्या मुलांशी असते आणि तीही पुढे गेलेली असतात. गुण उतरला म्हणजे मूल मागे गेलं, असं नाही. वाइनलँडच्या तिसऱ्या आवृत्तीत मुलाची स्वतःशीच तुलना करणारा वाढीचा वेगळा अंक मिळतो, तो मागून घ्या. मात्र येत असलेली कौशल्यं खरोखरच गेली असतील, शब्द नाहीसे झाले असतील किंवा चालण्यात फरक पडला असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता बालमेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा.

पहिल्या भेटीला जाताना दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या: एक कपडे घालतानाचा, एक जेवतानाचा, एक काहीतरी हवं असतानाचा, आणि एक मूल आपल्या आवडीच्या गोष्टीत रमलेलं असतानाचा. चित्रीकरणाच्या वेळी मुलाला मुद्दाम जास्त मदत करू नका, मुद्दाम एकटंही सोडू नका. रोज जशी करता तशीच करा, आणि तुमचा आवाज व्हिडिओत येऊ द्या. तुम्ही कधी आणि कितीदा बोलता, हे मला मुलाच्या हालचालींइतकंच पाहायचं असतं.